रसायन मंडळ विद्यार्थ्यांच्या कामी कसं आणावं

लोटे परशुराम, महाड, कुरकुंभ, तारापूर. यातला रासायनिक उद्योगांचा कुठलाही पट्टा घ्या. एमआयडीसीपासून एसटीनं अर्ध्या-पाऊण तासावर एखादं वरिष्ठ महाविद्यालय सापडतं. तिथे रसायनशास्त्राचं बीएस्सी असतं, कधी एमएस्सीही असतं. तरीही शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी कितीतरी जण कारखान्याच्या गेटच्या आत कधीच गेलेले नसतात. आतल्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, बसणारा केमिस्ट त्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी असतो. दोघांची गाठ मात्र पडत नाही.

ती गाठ घालून देणं हे स्थानिक रसायन मंडळाचं पहिलं काम आहे, असं माझं मत आहे. मंडळ कुठल्याही प्रकारचं असो. ते एखाद्या राष्ट्रीय किंवा परदेशी संस्थेची शाखा असेल, प्राध्यापकांनी चालवलेलं असेल, नाहीतर माजी विद्यार्थी आणि उद्योगातल्या लोकांनी मिळून उभं केलेलं असेल. त्याच्याकडे पैसा बेताचाच असतो, पण ओळखी भरपूर असतात. प्रत्यक्षात मंडळाची शक्ती खर्च होते ती दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं तासभराचं भाषण आणि हजेरीच्या धाकानं बसवलेली मुलं यांवर. पुढे जे सांगतोय ते तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पातळीवर, चार-पाच जणांच्या बळावर करता येण्यासारखं आहे.

आधी मुलांना विचारा

पहिल्या महिन्यात एकही कार्यक्रम ठेवू नका. आसपासच्या महाविद्यालयांत जाऊन तिसऱ्या वर्षाच्या आणि एमएस्सीच्या मुलांकडून एका पानाची माहिती भरून घ्या. येता-जाता कोणती एसटी, किती वाजता? प्रॅक्टिकल कोणत्या वारी? घरात पदवीधर कोण? शिकता शिकता काम करता का? पुढे काय करायचं मनात आहे, आणि त्यासाठी कोणाशी बोलायला आवडेल?

एसटीचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण कार्यक्रमाला कोण येणार हे त्यावरच ठरतं. संध्याकाळी पाचचं व्याख्यान म्हणजे बाहेरगावची निम्मी मुलं गळाली, त्यातही मुली आधी. रविवार ठेवलात तर दुकानात किंवा शेतावर काम करणारी मुलं सुटतात. प्रॅक्टिकलच्याच दिवशी, दुपारच्या सुट्टीला लागून कार्यक्रम घेतला तर सगळ्यांना जमतं. विद्यापीठाच्या परीक्षा आणि जर्नल सर्टिफाय करून घेण्याचे पंधरा दिवस कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवा.

मंडळाचा सांगाडा

स्वतंत्र संस्था काढायची तर सात सभासद लागतात. नोंदणी १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. त्यानंतर पॅन, बँक खातं, दरवर्षीचा हिशेब. मात्र पहिल्या दिवसापासून या फंदात पडायची गरज नाही. असलेल्या संस्थेच्या छत्राखाली दोन वर्षं काम करून बघा. रसायनशास्त्राच्या शिक्षकांची असोसिएशन ऑफ केमिस्ट्री टीचर्स मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून चालते. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या भारतात स्थानिक शाखा आहेत. कोलकात्यात १९२४मध्ये सुरू झालेली इंडियन केमिकल सोसायटी, जिचे पहिले अध्यक्ष आचार्य प्रफुल्लचंद्र राय होते, तीही आहेच. यांतल्या कुणाशी जोडून घेता येतं का ते आधी पाहा.

स्थानिक शाखा का हवी, याचं जुनं उदाहरण अमेरिकेत आहे. अमेरिकन केमिकल सोसायटी १८७६मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघाली आणि पुढची बरीच वर्षं बाहेरच्या रसायनतज्ज्ञांना ती न्यूयॉर्ककरांचीच वाटत राहिली. १८९१मध्ये ऱ्होड आयलंडला पहिली स्थानिक शाखा झाली, तेव्हा कुठे ती देशभर पसरायला लागली. तिथल्या अनेक शाखांच्या सभेला जेवण असतं. विद्यार्थ्यांना ताट सवलतीत मिळतं आणि ते कामावरच्या केमिस्टांच्या शेजारी बसून जेवतात. आपल्याकडे पाहुणे आत मुख्याध्यापकांच्या नाहीतर प्राचार्यांच्या केबिनमध्ये जेवतात आणि मुलं बाहेर वडापावच्या रांगेत उभी असतात. मंडळानं पहिल्याच सभेला ही पद्धत मोडावी. जेवण साधं असलं तरी चालेल, पण पंगत एकच.

कार्यकारिणीत दोन विद्यार्थी घ्या आणि त्यांना मताचा अधिकार द्या. त्यातला एक बाहेरगावचा असावा. खुर्च्या लावायला आणि पाहुण्यांना गुच्छ द्यायलाच मुलं घेतली, तर ती पुढच्या वर्षी फिरकत नाहीत आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

माणसांची वही

मंडळाची खरी मालमत्ता ही. वही म्हणा, एक्सेल शीट म्हणा. एका ओळीत एक माणूस: नाव, कुठे काम करतो, नेमकं काय करतो, कुठल्या कॉलेजचा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा रकाना, तो काय देऊ शकतो. 'महिन्यातून एक फोन', 'मे महिन्यात दोन मुलं', 'फक्त शनिवारी', 'बायोडाटा वाचून देईन', 'एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) शिकवेन, गाडीखर्च द्या'. माणसाकडे मोठं काही मागितलं की तो 'बघू' म्हणतो. तासभर मागितला तर बहुधा देतो.

वहीत कोण हवं? जनरल मॅनेजर असावेत, पण मुलांना जास्त उपयोग होतो तो दोन ते पाच वर्षांपूर्वी पास झालेल्यांचा. इंटरव्ह्यूला काय विचारलं, पहिल्या महिन्यात काय जमलं नाही, नाईट शिफ्टला घरच्यांना कसं समजावलं, हे त्यांच्या ताज्या आठवणीत असतं. दुसरा गट निवृत्तांचा: क्यूसी मॅनेजर, ईटीपी म्हणजे कारखान्याचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प सांभाळलेले, उपकरणं दुरुस्त करणारे सर्व्हिस इंजिनीअर, सरकारी प्रयोगशाळांतले रासायनिक विश्लेषक. यांच्याकडे वेळही असतो आणि सांगायची हौसही.

ओळख करून देण्याची पद्धत ठरवून घ्या. कुणाचाही नंबर त्याला विचारल्याशिवाय मुलांच्या ग्रुपवर टाकायचा नाही. विद्यार्थ्यानं आधी स्वतःबद्दल पाच-सहा ओळी लिहून आणायच्या: मी काय शिकतो, काय करून पाहिलंय, काय विचारायचंय. सचिवानं त्या पुढे पाठवायच्या आणि पहिला फोन तिघांचा मिळून करायचा. 'सर मला गायडन्स पाहिजे' एवढंच म्हणणाऱ्या मुलाला समोरचा माणूस काय सांगणार? 'मी अॅनालिटिकलला जाऊ की ऑरगॅनिकला, मला जीसीच्या यंत्रापेक्षा हातानं टायट्रेशन करायला आवडतं' असं म्हटलं की बोलणं सुरू होतं. फोननंतर विद्यार्थ्यानं चार ओळी लिहून द्याव्यात, म्हणजे वहीतली माहितीही वाढते. एका मार्गदर्शकाकडे तीनपेक्षा जास्त मुलं देऊ नयेत. भेट ऑफिसात, कॉलेजात किंवा चारचौघांच्या ठिकाणीच व्हावी. तक्रार कोणाकडे करायची त्या सभासदाचं नाव पहिल्याच दिवशी सांगावं, आणि ती व्यक्ती शक्यतो स्त्री असावी.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं उदाहरण आपण 'जिद्द' या शब्दाखाली सांगतो. १९३३मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्यांनी हट्ट धरला आणि वर्षभराच्या अटीवर आत शिरल्या. हे खरंच आहे. पण त्यांचे वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनतज्ज्ञ होते. ती संस्था काय आहे आणि तिथे कुणाशी बोलायचं असतं, हे त्यांच्या घरात माहीत होतं. ज्या मुलीच्या घरी पहिली पदवीच तिची आहे, तिच्यासाठी वडील-काकांच्या जागी कोण? मंडळाची वही यासाठी.

कारखान्याची भेट

सहलीसारखी भेट फुकट जाते. बस, नाश्ता, कॉन्फरन्स हॉलमध्ये कंपनीची फिल्म, गेटवर फोटो, परत. वेळ आणि कंपनीची सदिच्छा दोन्ही वाया.

आधी संख्या ठरवा: एका वेळी वीस-पंचवीस मुलं, त्यापेक्षा जास्त नाही, कारण प्लांटच्या आवाजात मागच्यांना काही ऐकू येत नाही. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, निदान महिनाभर आधी, सोबत नावांची यादी. प्रॉडक्शन प्लांटला नकार मिळाला तर निराश होऊ नका. यूटिलिटी (वाफ, थंड पाणी यांची यंत्रणा), क्यूसी आणि ईटीपी दाखवता का, असं विचारा. औद्योगिक वसाहतीचा सामायिक सांडपाणी प्रकल्प, म्हणजे सीईटीपी, बघायला परवानगी त्यामानानं लवकर मिळते आणि बीएस्सीच्या मुलांना तिथे शिकायला जास्त मिळतं.

भेटीच्या आठवडाभर आधी दोन तासांचं सत्र घ्या. फळ्यावर एक प्रक्रिया मांडा आणि बॅचचा हिशेब करून घ्या. पॅरासिटामॉल सोपं पडतं. पॅरा-अमिनोफेनॉलचा रेणुभार १०९, अॅसिटिक अॅनहायड्राइडचा १०२, पॅरासिटामॉलचा १५१ आणि सोबत सुटणाऱ्या अॅसिटिक आम्लाचा ६०. म्हणजे १०९ किलो अमिनोफेनॉलपासून कागदावर १५१ किलो माल. यील्ड, म्हणजे प्रत्यक्ष हाती येणारा माल, ९० टक्के धरलं तर १३६ किलो. मग विचारा, उरलेले १५ किलो कुठे गेले? ६० किलो अॅसिटिक आम्लाचं काय करायचं? माल गाळून घेतल्यावर उरलेलं द्रावण, म्हणजे मदर लिकर, कुठे जातं? प्रॅक्टिकलला दोन ग्रॅम बनवताना हा प्रश्न कधी पडलेला नसतो, कारण उरलेलं सगळं बेसिनमध्ये जातं.

त्याच सत्रात दुसरा प्रश्न: चंचुपात्रात उष्णता आपोआप निघून जाते, मग पाच हजार लिटरच्या रिअॅक्टरला जॅकेट आणि थंड पाणी का लागतं? आकारमान वाढतं त्या मानानं पृष्ठभाग वाढत नाही, हे मुलांनी स्वतः घनफळ काढून पाहिलं पाहिजे. तिसरा: सगळे रिअॅक्टर स्टीलचे का नसतात? हायड्रोक्लोरिक आम्ल स्टेनलेस स्टीलला खातं, म्हणून आतून काचेचं अस्तर असलेली भांडी लागतात, ज्यांना प्लांटवर एमएसजीएल म्हणतात. एवढी तयारी करून गेलेली मुलं आत गेल्यावर प्रश्न विचारतात, आणि प्रश्न विचारणारी मुलं आली की प्लांटचा माणूस खुलतो.

सुरक्षिततेचं आधीच लेखी द्या. सुती कपडे, कारण सिंथेटिक कपड्यांवर स्थिर वीज साठते आणि सॉल्व्हंटच्या जागी ठिणगी परवडत नाही. बंद बूट. केस बांधलेले, ओढणी घट्ट खोचलेली किंवा नकोच. कॉन्टॅक्ट लेन्स नको. मोबाइल, काडेपेटी, लायटर गेटवर जमा. आत शिरल्याबरोबर असेम्ब्ली पॉइंट, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायची जागा, कुठे आहे आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा विंड सॉक कुठे फडकतोय ते बघायचं. गॅस गळाला तर वाऱ्याला आडवं पळायचं, वारा जातोय त्या दिशेला नव्हे. हे पाठ करून घेतलंत तर ही माहिती मुलांना नोकरीतही कामी येईल.

ईटीपीवर थांबा, घाई करू नका. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनानं जिरवायला लागणारा ऑक्सिजन, काढताना डायक्रोमेट, गंधकाम्ल आणि सिल्व्हर सल्फेट घालून दोन तास रिफ्लक्स, क्लोराइड दाबायला मर्क्युरिक सल्फेट, मग फेरस अमोनियम सल्फेटनं टायट्रेशन आणि फेरॉइन हा दर्शक तांबूस झाला की थांबायचं. हे मुलांनी जर्नलमध्ये लिहिलेलं असतं. इथे तेच टायट्रेशन माणूस दर शिफ्टला करतो आणि त्या आकड्यावर पाणी सोडायचं की परत फिरवायचं ते ठरतं. पाणी नदी-नाल्यात सोडायचं तर सर्वसाधारण मर्यादा सीओडीला लिटरमागे २५० मिलिग्रॅम आणि बीओडीला (तीच घाण जिवाणूंनी जिरवायला लागणारा ऑक्सिजन) ३०. जर्नलमधला आकडा चुकला तर गुण जातात. इथे चुकला तर नदी भोगते.

नदीवरून आठवलं. कुणीतरी विद्यार्थी उठून विचारणारच की खाडीत मासे का मेले. आयोजक अशा वेळी घाबरून 'वेळेअभावी' म्हणतात. म्हणू नका. मुलं त्याच गावची आहेत, पाण्याला वास येतो तेव्हा तो त्यांच्याच घरात येतो. कंपनीला आधीच सांगून ठेवा की हा प्रश्न येईल, उत्तर देऊ शकेल असा माणूस ठेवा. जी कंपनी यावर बोलायलाच तयार नाही, तिच्या पैशावर मंडळ चालवू नये, असं मला वाटतं. यावर मंडळात भांडणं होतील. होऊ द्यात.

परतल्यावर प्रत्येकानं एक पान लिहायचं: काय पाहिलं, काय समजलं नाही. त्यातली चांगली पाच पानं आणि आभाराचं पत्र आठवडाभरात कंपनीला पाठवा. पुढच्या वर्षीची परवानगी या पानांवर मिळते.

ओजेटीची जागा

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला ऑन द जॉब ट्रेनिंग (ओजेटी) किंवा फील्ड प्रोजेक्ट आला. ४ क्रेडिट, म्हणजे साधारण १२० तास. कागदावर कल्पना उत्तम. प्रत्यक्षात एकाच वेळी सगळ्या महाविद्यालयांची मुलं गेटवर उभी राहतात, आणि ज्याचा काका आत आहे त्याला जागा मिळते. बाकीचे कुठून तरी शिक्का आणतात.

मंडळानं इथे दलालाची चांगली भूमिका घ्यावी. दिवाळीनंतर लगेच कंपन्यांकडे जा आणि प्रत्येकाकडे फक्त दोन जागा मागा. त्यांना तीन भीती असतात: अपघात झाला तर, गुपित बाहेर गेलं तर, आणि मुलगा पायात आला तर. पहिलीसाठी कॉलेजकडून गटविमा उतरवून घ्या. दुसरीसाठी गोपनीयतेचं एक पान सही करून द्या आणि प्रक्रियेला न शिवणारं काम मागा. तिसरीसाठी कामच लिहून न्या. उदाहरणार्थ: कूलिंग टॉवरच्या पाण्याची कठीणता आणि क्लोराइड रोज तपासून महिन्याचा आलेख काढणं. जुन्या रिटेन्शन सॅम्पलचं, म्हणजे बॅचमधून राखून ठेवलेल्या नमुन्याचं, ओलाव्याचं प्रमाण कार्ल फिशर यंत्रावर पुन्हा काढून मूळ नोंदीशी ताडून बघणं. लॅबमधल्या रसायनांची यादी, एक्स्पायरी आणि सुरक्षा पत्रकं लावून देणं. हे शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण बहुतेक लॅबना ते करून हवं असतं आणि मुलाला लॅबमधली प्रत्येक बाटली माहीत होते.

स्टायपेंड मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर निदान कंपनीची बस आणि कँटीनचं जेवण एवढं मागायला लाजू नका. मध्यावर मंडळाच्या एका सभासदानं जाऊन यावं. मुलगा अर्धा वेळ झेरॉक्स काढत असेल, तर तेव्हाच कळतं.

एचपीएलसी आणि खाडाखोड

औषध कंपन्यांच्या क्यूसीच्या जाहिराती वाचा: एचपीएलसी, जीसी, जीएमपी (औषध उत्पादनाच्या चांगल्या पद्धतींचे नियम), आणि अनुभवी लोकांसाठी 'एफडीए अप्रूव्ह्ड', म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची मान्यता असलेले. कॉलेजात एचपीएलसी एक तर नसतं, किंवा अनुदानातून आलेलं असतं आणि कव्हर घालून ठेवलेलं असतं, कारण मुलांनी हात लावला तर बिघडेल. वहीतल्या निवृत्त सर्व्हिस इंजिनीअरला बोलवा. पंपाचं सील, दिवा, चोंदलेला कॉलम (घटक वेगळे करणारी नळी), यातलंच काहीतरी बहुधा निघतं.

दोन शनिवारांची कार्यशाळा, एका यंत्रामागे आठ-दहाच मुलं. नमुना म्हणून चहातलं कॅफिन घ्या, डिटेक्टर २७३ नॅनोमीटरवर. मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारं द्रावण, ०.४५ मायक्रॉनमधून गाळणं, हवा काढणं, बफर रात्रभर कॉलममध्ये न ठेवणं, आधी पाण्यानं आणि मग मेथॅनॉलनं धुणं, हे प्रत्येकानं स्वतःच्या हातानं करावं. मग एकाच द्रावणाची पाच इंजेक्शनं आणि आलेखावरच्या शिखराच्या क्षेत्रफळाचं आरएसडी, म्हणजे आकड्यांतली टक्केवारीतली तफावत, काढायचं. दोन टक्क्यांच्या आत आलं का? इंटरव्ह्यूला हा प्रश्न हमखास असतो: आरएसडी, टेलिंग फॅक्टर (शिखर किती कललंय), थिऑरेटिकल प्लेट्स (कॉलम किती नीट वेगळं करतो). पाठ केलेल्या मुलाचं आणि केलेल्या मुलाचं उत्तर समोरच्याला लगेच ओळखू येतं.

कार्यशाळेचा निम्मा वेळ मी लिहिण्याला देईन. आपल्या कॉलेजात मुलं रीडिंग चिठोऱ्यावर घेतात, पेन्सिलनं लिहितात, आकडा जुळत नसेल तर शेजाऱ्याचा बघून सुधारतात आणि मग सुवाच्य अक्षरात जर्नल 'फेअर' करतात. शिक्षक फेअर जर्नलला गुण देतात. क्यूसीमध्ये ही सगळी सवय गुन्ह्यात मोडते. तिथे चिठोरं हाच मूळ पुरावा. निरीक्षण त्याच क्षणी, शाईनं, क्रमांक घातलेल्या पानावर. चूक झाली तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही, तारीख, कारण. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही. तीन वर्षं मुरलेली सवय दोन शनिवारांत जात नाही, म्हणून मंडळातल्या प्राध्यापकांनी आपापल्या विभागात निदान एका प्रॅक्टिकलला हीच पद्धत लावावी. खर्च शून्य. विरोध मात्र होईल, कारण खरी रीडिंग लिहायची तर प्रयोग जमत नाही हेही मान्य करावं लागतं.

छोटी मदत, वेळेवर

लहान महाविद्यालयातल्या एमएस्सीच्या प्रोजेक्टला अडतं ते तीन-पाच हजारांसाठी: टीएलसी प्लेट, एखादं अभिकर्मक, चार एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चाचणी). मुलगा संयुग बनवतो आणि केवळ वितळणबिंदूवर समाधान मानतो. मंडळानं वर्षाला दहा अशा मदती ठेवाव्यात. अर्ज एका पानाचा, निर्णय दोन आठवड्यांत, पैसे थेट प्रयोगशाळेला किंवा विक्रेत्याला. मुंबईत आयआयटीमध्ये सैफ ही उपकरण सुविधा बाहेरच्यांसाठी आहे. देशभरातली सार्वजनिक उपकरणं आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतात. मुलांना हे माहीत नसतं, आणि पुष्कळदा मार्गदर्शकांनाही नसतं.

परिषदेला जाण्यासाठी प्रवासखर्च देणार असाल तर तो आधी द्या. 'तिकीट आणा, नंतर परतावा देऊ' ही पद्धत ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्याच सोयीची.

फॉर्म भरण्याचं शिबिर

आयआयटीची जॅम, गेट, सीएसआयआर-नेट या प्रवेश आणि पात्रता परीक्षांचे क्लास मंडळानं काढू नयेत, ते काम करणारे पुष्कळ आहेत. फॉर्मच्या वेळी मात्र दोन दिवस कॉलेजात बसा. दरवर्षी मुलं गुणांनी नव्हे, कागदांनी बाद होतात. राज्याचं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या परीक्षेला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. आर्थिक दुर्बल घटकाचं (ईडब्ल्यूएस) प्रमाणपत्र दरवर्षी नवं लागतं. तहसीलला किती दिवस लागतात हे गावच्या माणसाला माहीत असतं, म्हणून फॉर्म सुटण्याच्या दोन महिने आधीच यादी भिंतीवर लावा.

नेटमधून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहेत. पीएचडीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्ती आहेत. हे आकडे पालकांसमोर सांगा. 'अजून किती शिकणार' या प्रश्नाला घरात उत्तर लागतं, विशेषतः मुलींना.

बीएस्सीच्या मुलांना आणखी दोन गोष्टी लवकर कळायला हव्यात. होमी भाभा केंद्राचा निअस हा उपक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी आहे, तिसऱ्या वर्षाला ऐकून उपयोग नाही. आणि तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती, जिच्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करता येतं. तिच्या अर्जात मुलानं स्वतः लिहिलेलं टिपण लागतं. मंडळातल्या दोघा-तिघांनी ती टिपणं वाचून सुचवण्या द्याव्यात. लिहून देऊ नये.

पोस्टरचा दिवस

वर्षातून एकच मोठा कार्यक्रम करायचा तर हा करा. फेब्रुवारीतला विज्ञान दिन परीक्षांच्या तोंडावर येतो. २ ऑगस्टला प्रफुल्लचंद्र रायांची जयंती असते, पण तेव्हा प्रोजेक्ट सुरूच झालेले नसतात. विद्यापीठाचं वेळापत्रक पाहून जानेवारीचा एखादा दिवस काढा. बोलायला मराठी चालेल हे निमंत्रणातच लिहा. बारावीपर्यंत निम्मं मराठीत शिकलेला मुलगा इंग्रजीत पाठ केलेलं म्हणतो, मराठीत विचारलं की खरं काय समजलंय ते कळतं. परीक्षक कारखान्यातला एक आणि कॉलेजातला एक. प्रत्येक पोस्टरला लेखी अभिप्राय, चार ओळींचा का होईना. ट्रॉफ्या कमी करा. पहिल्या तिघांना आयसीटी, एनसीएल किंवा आयसर अशा मोठ्या संशोधन संस्थेच्या एखाद्या प्रयोगशाळेत एक दिवस घालवता येईल अशी सोय बक्षीस म्हणून द्या. तो दिवस वहीतल्या ओळखीनंच मिळतो.

पैशाचं थोडक्यात

रोख देणगीआधी वस्तू मागा: बस, जेवण, सभागृह, वापरलेला पण चालू कॉलम, गॉगल. एमआयडीसीतल्या उद्योजकांच्या संघटनेकडे पहिल्यांदा जा. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, पैसा हवा असेल तर संस्थेची आयकरातली नोंदणी, सीएसआर-१ हा नोंदणी फॉर्म आणि तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, म्हणून सुरुवातीला त्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही. सभासदवर्गणी विद्यार्थ्यांकडून नाममात्र घ्या, फुकट ठेवू नका. जमाखर्च नोटीस बोर्डावर लावा.

जूनमधली सुपूर्दगी

अशी मंडळं बंद पडतात ती बहुतेक करून सचिवाची बदली झाली म्हणून. जूनच्या पहिल्या आठवड्यात बँकेच्या सह्या, वही, कंपन्यांची पत्रं आणि शिल्लक रसायनांची यादी नव्या माणसाच्या हाती लेखी द्या. दोघांनी मिळून वहीतल्या किमान दहा जणांना फोन करावा, म्हणजे नवा आवाज ओळखीचा होतो.

शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या निरोप समारंभात भाषणांच्या आधी कागद फिरवा. कॉलेजचा ईमेल काही दिवसांत बंद होतो, म्हणून प्रत्येकाचा कायमचा नंबर आणि घरच्यांचा एक नंबर घ्या. सहा महिन्यांनी विद्यार्थी प्रतिनिधींनी एकेकाला फोन लावावा: कुठे लागलात, काम काय, इंटरव्ह्यूला काय विचारलं, आणि मे महिन्यात तुमच्या लॅबमध्ये दोन मुलं घेतील का.